जिल्हा मुरुड

इतिहासात ‘जर’ला जागा नसते, हे मी लातूरच्या क्लासमध्ये पोरांना दरडावून सांगते. त्यामुळं सासऱ्यांचा फोन आला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“मुग्धा, निजामाच्या काळात आपलं मुरुड जिल्हा व्हतं. लातूर आपल्या हाताखाली. नांदेडच्या प्रदर्शनातून पुस्तक आणलंय. उद्याच्या भाषणात सांगून टाकतो.”

उद्या मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर मुरुडच्या शाळेत दरवर्षी मामाच, म्हणजे माझे सासरेच, बोलतात, आणि त्या भाषणावर त्यांचा भारी जीव. आमचं गाव तालुकासुद्धा नाही, जिल्हा कुठला? पुस्तकाचा फोटो मागवला. मागच्या बाजूला लेखकाचा मोबाइल नंबर छापला होता. लावला.

“ती कादंबरी आहे, ताई,” राघवेंद्र नावाचा तो लेखक शांतपणे म्हणाला. “असं झालं असतं तर, या धर्तीची. आम्ही नांदेडचे चौघं मित्र असंच लिहितो, स्वतःच छापतो, पिशवीत घालून विकतो. वाचली का तुम्ही?”

मी न वाचताच भांडत होते. त्यानं लगेच पीडीएफ पाठवली.

मामा एवढे खुशीत होते, की फोनवर सांगायची हिंमत होईना. समोर बसून सांगू म्हणून सकाळची एसटी धरली. चुका काढायला पीडीएफ उघडली, तर त्यात मुरुडात रेल्वेचं मोठं जंक्शन झालेलं, अडत बाजार फुगलेला, आणि मी आपली वाचतेच आहे. वाटेत प्रभातफेऱ्यांनी रस्ता अडवला. शाळेत पोचले तेव्हा मामा माईकपुढं उभे होते.

“कलेक्टर मुरुडात बसायचा,” ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

तेवढ्यात व्यंकट गुरुजी उठले. त्या माईकवर त्यांचा कधीपासूनचा डोळा. “उद्धवराव, पुस्तक बघू.” चष्मा लावून त्यांनी आतलं पहिलं पान मोठ्यानं वाचलं, “कादंबरी.”

हशा पिकला. मामांचा चेहरा एवढासा झाला. मला ते बघवेना. पुढं झालेच.

“हाव, कादंबरीच हाय. पण मला सांगा, मुरुड जिल्हा झालं असतं, तर कलेक्टर कचेरी कुठं बांधली असती?”

 मागून भाजीवाल्या विठाबाई बोलल्या, “बाजारतळावर. भाजी इकता इकता अर्ज देता येतो.”

“मग बाजार कुठं भरवायचा?”

“आधी मोठा दवाखाना पायजे. कचेरी मागून.”

बघता बघता सगळी सभा भांडायला लागली. व्यंकट गुरुजींचा आवाज सगळ्यांत मोठा. कचेरी त्यांच्या मळ्याशेजारीच हवी होती. मामा माईकवरून एकेकाचं नाव पुकारत होते.

घरी चहा घेताना मात्र त्यांनी ते पुस्तक बाजूला सारलं. म्हणाले, “मला खरंच वाटलं व्हतं, पोरी.”

“मला तर खोटं हाय हे ठाऊक होतं, मामा,” मी म्हणाले. “तरी सकाळी बस गावात शिरली, तवा मी खिडकीतून जिल्हा कोर्ट शोधत होते.”