माहेरच्या नावाचा रकाना

आमच्या ह्यांना वाटतं, ‘आखाजी’ ही वेबसाइट त्यांनी काढली. वाटू दे. धुळ्यातला कॉम्प्युटर क्लास त्यांचा आणि टेलिफोनचं बिलही तेच भरत. पण १९९९ साली खपून ती बनवली मी.

क्लासमधून शिकून सुरत-पुण्याकडे गेलेल्या पोरांनी एकमेकांना शोधावं, एवढाच हेतू होता. नाव, आडनाव, गाव भरायचं, आपल्या गावचं कोण कुठे आहे ते बघायचं आणि चार ओळींचा निरोप टाकायचा. मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहावी लागे, पण पोरं हरखून गेली होती.

माझ्या सासूबाई, केसरबाई, दुपारी आमचा डबा घेऊन क्लासवर येत. एकदा माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून त्यांनी विचारलं, “यामा मनी भिकी सापडी का?”

भिकी त्यांची भडगावकडची बालमैत्रीण. लग्नं झाल्यावरही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी माहेरी येत आणि एकाच फळीवर उभ्या राहून झोका घेत. पुढे आई-वडील गेले, भाऊ गाव सोडून गेले, आणि आखाजीला बोलावणारं कोणी उरलं नाही. तिचंही तसंच झालं असावं. “एकदाव तिले देखानं शे माले,” सासूबाई म्हणाल्या. एवढं मागणं त्यांनी माझ्याकडे कधी केलं नव्हतं.

मी सासूबाईंचं नाव घातलं. महिने गेले, काही आलं नाही. त्या मात्र रोज डबा ठेवून पडद्याकडे बघत. शेवटी मी म्हटलं, “आई, भिकीमावशींनी नाव वाचलं नसेल.”

“वाचं तरी कशी वळखी? केसर त आठे ठेयेल नाव शे. तठे मी झिपरी व्हती.”

केसर हे लग्नात बदललेलं नाव होतं. आणि भिकीचं सासरचं नाव? ते त्यांना ठाऊकच नव्हतं. माहेरी भेटणाऱ्या पोरींना त्याची गरज कधी पडली?

मला माझाच राग आला. बाई असून मी पुरुषांपुरतेच रकाने मांडले होते. त्याच दिवशी मी चौथा रकाना घातला, माहेरचं नाव. “हा कोण भरणार?” हे म्हणाले. मग लेकी-सुना आपापल्या आया-सासवांना घेऊन क्लासच्या पायऱ्या चढू लागल्या, तेव्हा हे बाहेर खुर्च्या मांडत होते.

आणि एके दुपारी सुरतहून एका मुलीचा निरोप आला. ‘माझी आजी पुष्पाबाई, माहेरची भिकी. ती विचारते, झोक्यावरून पडून दात पाडून घेतलेली झिपरी हीच का?’ खाली फोन नंबर होता.

सासूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि नुसत्या रडत राहिल्या. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, “झिपरे, बोल ना व माय.” मग त्या ज्या बोलायला लागल्या, त्या थांबेचनात. ह्यांनी बिलाचा विषय काढला नाही.

घरी येताना फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, “तुनं माहेरनं नाव काय व्हतं व?”

माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर ‘कुंदा’ लिहून घेतलं होतं ते त्यांनीच.

“सुगंधा,” मी म्हटलं. त्या आत गेल्या.

सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, “सुगंधा, चहा ठेव.”

मी ऐकलं, पण जागची हलले नाही. त्यांनी पुन्हा हाक मारावी म्हणून.