हरकत नाही

"माफ करा, मॅडम! लगेच करते, मॅडम! धन्यवाद, मॅडम!"

चौदा नर्स एका सुरात परदेशी भाषेत ओरडत होत्या आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंचे कान किटले होते. साठ वाक्यांची छापील यादी, क्लासच्या मालकानं कुठून तरी पैदा केलेली. साठांत एक वाक्य असं नाही, की ज्यात माणूस 'नको' म्हणेल किंवा 'दुखतंय' म्हणेल. शी! पोपटसुद्धा कंटाळला की गप्प बसतो, ह्या काही बसत नव्हत्या.

"बंद करा ते," बाई म्हणाल्या. "दोघी-दोघी समोरासमोर बसा. काल कामावर कशाचा राग आला, ते एकमेकींना सांगा. मोडकंतोडकं चालेल. मी मध्ये टोकणार नाही."

एकोणीस वर्षं बाई हेच करत आल्या होत्या. चुका गुपचूप टिपून घ्यायच्या आणि सगळं बोलून झाल्यावर सांगायच्या. मध्येच टोकलं, की माणूस मिटतो आणि मग काही केल्या उघडत नाही.

तेवढ्यात दारातून अत्तराचा भपकारा आला. पाठोपाठ मालक.

"अहो बाई, परवा मुलाखती आहेत. हे रागबिग काय काढलंय? बोलायला नका शिकवू, उत्तरं द्यायला शिकवा!"

"किल्लीच्या बाहुल्या आहेत का त्या?"

"नोकरी लागली पाहिजे, बस्स. तुमचं तत्त्वज्ञान घरी ठेवा." त्यानं कानात करंगळी फिरवली, नखाकडे निरखून पाहिलं आणि बोट खिडकीच्या पडद्याला पुसलं. बाईंनी तोंड फिरवलं. असल्या माणसाच्या हाताखाली आपण एवढी वर्षं काढली, या विचारानं त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

कोपऱ्यात मात्र मौनी बोलत होती. वर्गानंच तिला हे नाव ठेवलं होतं, कारण सहा महिन्यांत ती यादीपलीकडे चकार शब्द बोलली नव्हती. ती आणि तिची आई भावाकडे राहायच्या, दोघी खाली मान घालून. ही नोकरी मिळाली तर दोघींची सुटका होणार होती. आज ती अडखळत सांगत होती, की सलग रात्रपाळ्या केल्या की तिचा हात थरथरतो आणि तरीही मेट्रन रात्रपाळीला तिलाच लावते. क्रियापदं झाडून सगळी चुकली होती. चुकू देत! पोरगी बोलत होती.

मुलाखतीच्या दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्यावर परदेशातल्या वृद्धाश्रमाच्या मॅडम होत्या, समोर मौनी, आणि कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेतानं बाजूला मालक आणि बाई. काचेच्या दाराबाहेर बाकावर मौनीची आई बसली होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेवटचा प्रश्न आला.

"रात्रपाळी सलग सहा दिवस आली, तर तुमची हरकत नाही ना?"

"हो," मौनी म्हणाली.

झाला घोळ! आपण असल्या प्रश्नाला 'हो' म्हणतो, ते 'हो, हरकत नाही' अशा अर्थानं. त्या भाषेत त्याच 'हो'चा अर्थ 'हो, हरकत आहे' असा होतो. दर वर्षी कुणीतरी हमखास इथेच आपटतं.

मॅडमनी चष्मा काढला. "हरकत आहे? का बरं?"

मालक लालबुंद होऊन हातवारे करायला लागला. मौनीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पडद्याकडे झुकली आणि त्या परक्या भाषेत सावकाश म्हणाली, "तिसऱ्या रात्री माझा हात थरथरतो. एकदा मी चुकीचं इंजेक्शन भरलं होतं. ते आजोबा..."

क्रियापदंसुद्धा बरोबर! बाईंच्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी त्यांची नजर काचेपलीकडच्या आईवर गेली. नोकरी हातची जाणार, ह्या दोघी पुन्हा त्याच घरात जाणार. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि जोरजोरात मान हलवली.

मौनीनं ते पाहिलं. ती मिटली.

"माफ करा, मॅडम. नाही, माझी काही हरकत नाही. धन्यवाद, मॅडम."

निवड झाली. मालकानं बाईंच्या खांद्यावर थाप मारली. "आत्ता कशा वळणावर आलात!" तो हात झटकून टाकावासा वाटला, पण कुठल्या तोंडानं झटकणार?

बाहेर येताच आईनं बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. "मुलाच्या घरात हिचा आवाज कधी कुणी ऐकला नाही हो. तुम्ही बोलतं केलंत."

"अगं, आज बाईंनीच वाचवलं!" मौनी हसत म्हणाली. "मी काहीबाही बरळत होते. त्यांनी खूण केली म्हणून निभावलं."

ते काहीबाही नव्हतं गं, बाईंना ओरडून सांगायचं होतं. इतकं चोख या वर्गात आजवर कुणी बोललं नाही, आणि तुझं तोंड मी बंद केलं.

आई अजून हात सोडत नव्हती. "मला काचेतून दिसत होतं. इतकं जीव तोडून बोलताना हिला मी कधी पाहिलं नाही. काय सांगत होती हो?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.