ओलं गोणपाट

दिवाळीच्या सुटीनंतर गोवर्धनने अमरावतीच्या कॉलेजात जो वनस्पतींचा संग्रह दिला, तो प्राध्यापकांनी रुमालात धरून खिडकीपाशी नेला. पानं काळी पडली होती, फुलांवर पांढरी बुरशी चढली होती. वर्गातली मुलं नाक दाबून हसली. प्राध्यापक हसले नाहीत. नाताळच्या सुटीनंतर कॉलेज उघडेल त्या दिवशी नवा संग्रह टेबलावर आला नाही, तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि विचारलं, समजलं ना? गोवर्धन नेहमीप्रमाणे म्हणाला, "यस सर."

एवढं मात्र त्याला खरंच समजलं होतं. जुलैपासूनचं बाकीचं फारसं समजलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात एका मुलाने 'पुन्हा सांगा' म्हटलं तेव्हा मागच्या बाकांवरून पाय आपटले गेले. त्यानंतर वर्गात कुणीच काही विचारलं नाही. गोवर्धनने तर नाहीच.

तो तेल्हाऱ्याकडचा, माळ्याच्या घरचा. त्यांच्याकडे झेंडू आणि वांगी. फूल तोडायचं ते पहाटे, दव असताना. तोडलं की पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्यात बांधायचं. सुकलेलं फूल घेऊन बाजारात बसणं म्हणजे नाचक्की. त्याने संग्रहाची झाडंही तशीच तोडली, तशीच बांधली आणि कागदात दाबली. दव उडाल्यावर तोडा, कागद रोज बदला, ओल राहू देऊ नका, हे प्राध्यापकांनी सांगितलं होतं खरं. ते त्याला वसतिगृहात एकाच खोलीत राहणाऱ्या शेषरावकडून कळलं, तेही सगळं सडल्यावर.

शेषराव तिवशाचा, जमीनदाराचा मुलगा, इंग्रजीत बरा. तो म्हणाला, "लेका, तू त फुलाइले आंघोळ घालून कबरीत ठेवलं." मग गंभीर होऊन त्याने पहिल्यापासून सगळं समजावून दिलं.

गोवर्धनचे वडील शालिकराम यांनी त्याला एकच वर्ष दिलं होतं. विहिरीवर मोट हाकायला दुसरा माणूस नव्हता, म्हातारा एकटाच बैलांमागे जात होता. निघताना ते इतकंच बोलले होते, "एक वरीस जाय. पास झाला त शिक. नाई त मोट हायेच."

नाताळात तो घरी गेला नाही. घरी गेला असता तर मोटेवरच दिवस गेले असते. तो अकोल्याला बहिणीकडे उतरला. सत्यवती आणि तिचा नवरा भगवंत यांचा फुलांचा धंदा होता. रोज सकाळी ती फुलांच्या टोपल्यांना ओलं गोणपाट गुंडाळायची, भगवंत त्या बाहेरगावी पाठवायला स्टेशनवर पोचवायचा आणि मग ती बाजारात हार घेऊन बसायची. मोर्णा नदीच्या काठाने, बागांच्या कडेने गोवर्धन ऊन वर आल्यावर हिंडायचा. मुळासकट रोप उपटायचा, माती झटकायचा, जुन्या वर्तमानपत्रात पसरायचा आणि वर जात्याचा दगड ठेवायचा. कागद रोज बदलायचा. पानं कोरडी, चपटी होत गेली. रंग टिकले. रात्री दळायला दगड उचलावा लागे म्हणून सत्यवती शेजारणीकडे दळायला जाऊ लागली.

ती त्याला चिडवायची. माळ्याचा पोरगा फुलं मारून राहिला, असं बाजारातही सांगून आली. हे कशासाठी, असं तिने दोनदा विचारलं. कॉलेजचं काम आहे, तुला नाही कळायचं, असं तो म्हणाला. आणि बजावलं, "त्याले हात लावू नको."

तिने लावला नाही.

निघायच्या सकाळी त्याने गठ्ठा धोतराच्या फडक्यात नीट बांधून टोपल्यांशेजारी ठेवला आणि तो आंघोळीला गेला. तो बाहेर आला तेव्हा भगवंत टोपल्या घेऊन पुढे गेला होता, गठ्ठाही त्याच्याबरोबर. गोवर्धन धावतपळत स्टेशनवर पोचला तेव्हा गाडी सुटत होती. तो चढला आणि भगवंतने खिडकीतून गठ्ठा आत दिला.

गठ्ठ्याला गोणपाट गुंडाळलेलं होतं. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

त्याने गाठी दातांनी सोडल्या. पाणी आतपर्यंत मुरलं होतं. वर्तमानपत्राची शाई पाकळ्यांवर उतरली होती, पानं कागदाला चिकटली होती, सोडवायला गेलं की तुटत होती. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याने सगळं बाकावर, पेटीवर, स्वतःच्या मांडीवर पसरलं. वाऱ्याने काही उडालं. समोरच्या म्हाताऱ्याने पाय वर घेऊन जागा करून दिली आणि त्याचा चेहरा पाहून घरी कुणी गेलं का, असं हळूच विचारलं. गोवर्धन खाली पडलेली पानं वेचत राहिला. बडनेऱ्याला गाडी बदलताना त्याने ती पानं सदऱ्यात धरून नेली. अमरावतीला वसतिगृहात शेषरावने शेगडी पेटवली. उरलेल्यातलं निम्मं शेगडीवर करपलं.

दुसऱ्या दिवशी जे होतं ते त्याने टेबलावर ठेवलं. प्राध्यापकांनी एक कागद उचलला आणि खाली ठेवला.

"पुन्हा पाणी?" त्यांनी मराठीत विचारलं. बोलणं पुण्याकडचं होतं.

गोवर्धनने झालं ते सांगितलं.

"बहिणीला सांगितलं नव्हतं, कोरडं ठेवायचं म्हणून?"

"नाई. हात लावू नको, एवढंच म्हनलो."

"का?"

"तिले समजनार नाई, असं वाटलं." मग तो म्हणाला, "मले बी समजलं नव्हतं सर. जुलैत. तुमी इंग्रजीत सांगतलं, मी यस सर म्हनलो."

प्राध्यापकांनी तो कागद बाकीच्यांवर सरळ करून ठेवला. तेव्हाच विचारायला हवं होतं, असं म्हणाले. मुदत आज संपते, एकाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, जुलैत पुन्हा नाव घाला, असंही म्हणाले. आवाजात राग नव्हता. परीक्षेच्या अर्जावर सही मात्र त्यांनी केली नाही.

आता घरीच परतायचं होतं आणि तेल्हाऱ्याची मोटार अकोल्याहून सुटायची. मोटारीला वेळ होता म्हणून तो बाजारात सत्यवतीकडे गेला. ट्रंक आणि वळकटी पाहूनही तिच्या ध्यानात आलं नाही. हसून तिने आधी विचारलं, "ताजी रायली ना फुलं? म्या हात नाई लावला बरं. वरूनच पानी शिपडलं अन् गोनपाट गुंडायलं."

हो म्हणून निघून जाणं सोपं होतं. तो तिच्याजवळ पोत्यावर बसला आणि त्याने सांगितलं. झाडं का सुकवतात, ती वर्षानुवर्षं कशी ठेवतात, ओल लागली की काय होतं, परीक्षेचं काय झालं. सांगायला फार वेळ लागला नाही. तिला सगळं समजलं. समजत जाताना तिचा चेहरा त्याला समोरून पाहावा लागला.

"एवढंच होतं," ती म्हणाली. "मंग तवाच काहून नाई सांगतलं मले?"

गिऱ्हाईक हार मागत उभं होतं. तिचा हात फुलांवर शिंपडायच्या पाण्याने भरलेल्या गंजात तसाच बुडलेला होता.