वॉल्टर ऑग्डेनचा चेंडू

मित्रांनो, माझ्यात आता हवा राहत नाही. मी रग्बीचा एक जुना, चामडी चेंडू आहे. मँचेस्टरजवळच्या एका गावात, क्लबामध्ये माझा मुक्काम असतो.

लीड्सच्या एका कारागिराने चामड्याचे चार तुकडे शिवून मला घडवलं. तेव्हा पंधराऐवजी तेरा खेळाडूंनी खेळायचा रग्बी नवीनच सुरू झाला होता. आमच्या क्लबाकडून वॉल्टर ऑग्डेन नावाचा सूतगिरणी कामगार खेळायचा. मला घेऊन तो पळू लागला, की लोक बाकांवर उभे राहायचे. चिखलाने मी जड झालो, की तो मला घरी नेऊन चरबी चोळायचा. एका अंतिम सामन्यात त्याने माझ्यासकट रेषेपलीकडे झेप घेतली आणि आम्ही जिंकलो. क्लबाने मला त्यालाच देऊन टाकलं.

पुढे पहिलं महायुद्ध पेटलं आणि वॉल्टर फौजेत गेला. फ्रान्समध्ये तो जखमींना स्ट्रेचरवरून आणायचा. एका सकाळी त्याने दोघांना आणलं. तिसऱ्याला आणायला गेला, तो परतलाच नाही. त्याच्या सोबत्याने घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा त्याची बहीण एडिथ मला पुसत होती. ती पुसतच राहिली.

एडिथ गेल्यावर मी क्लबात आलो. आधी कपाटावर, मग कपाटात, मग जुन्या जाळ्यांखाली.

गेल्या वर्षी क्लबाची डागडुजी निघाली. मुलींच्या संघाची प्रशिक्षक सुप्रभा आणि तिचा नवरा राजीव खोली आवरत होते.

"अगं, हा पार सुकलाय. कचऱ्यात टाकू?" राजीवने विचारलं.

"थांब जरा. मॉरीनला विचारू."

मॉरीन क्लबात चहा करते. वय ऐंशीच्या घरात. मला पाहताच ती खुर्चीत बसली.

"हा वॉल्टरचा," ती म्हणाली. "माझ्या आजीचा भाऊ."

सुप्रभाने मला मऊ फडक्याने हळूहळू साफ केलं, काचेची पेटीही करून घेतली. नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, ती मला पेटीत ठेवणार, तोच मॉरीन जवळ आली.

"सुप्रभा, आधी मी घेऊ का जरा? लहानपणी आजी हात लावू द्यायची नाही."

सुप्रभाने मला तिच्या मांडीवर ठेवलं. मॉरीन माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवत वॉल्टरबद्दल बोलू लागली. संघातल्या मुली भोवती जमल्या, आणि मी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाऊ लागलो. पेटी त्या दिवशी रिकामीच राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा. पण ती वस्तू कोणाची, हे सांगणारं माणूस अजून असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.