हवेविषयी बोलायचं नाही

"हा पंखा नुसता गरगरतो, वारा म्हणून देत नाही," शेजारी जेवायला बसलेले आमचे हे शर्टाची कॉलर सैल करत पुटपुटले. पंखा नवाकोरा होता. पण आमच्या घरात उकाड्याला उकाडा म्हणायची सोय राहिली नव्हती, त्यामुळे सगळा दोष बिचाऱ्या पंख्याच्या माथी.

लेक समुद्राचं तापमान मोजते आणि पृथ्वी तापतेय असं सांगते. हे पक्षाचे जुने कार्यकर्ते, आणि पक्षाच्या मते ती विरोधकांनी उठवलेली आवई. दोघांचे खटके उडायला लागले तेव्हा मीच नियम केला: घरात हवेविषयी बोलायचं नाही. भांडण थांबलं खरं, पण बोलणंही आटलं. पूर्वी ती फोनवर आधी विचारायची, "बाबा, तिकडे आभाळ कसं आहे?" आता यांनी फोन उचलला की म्हणते, "आईला द्या."

आज बऱ्याच महिन्यांनी ती घरी आली होती. मी भाजी वाढत इकडचं तिकडचं बोलत राहिले. तिनं ताट सरकवलं.

"बाबा, परवा सभेत तुम्ही म्हणालात, हे सगळे शास्त्रज्ञ विकले गेलेत. तेव्हा मी आठवले का तुम्हाला?"

"अगं, आधी जेवून तरी घे," मी म्हणाले.

"आई, तू थांब."

यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आठवलीस ना," हे म्हणाले. "तुझाच चेहरा डोळ्यांसमोर आला, तरी बोललो. लोक टाळ्या वाजवत होते गं."