मातीत उमटलेली मूठ

"दाब ना मावशी, जोरात दाब. माती आहे ती, ओरडणार नाही!"

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. तेव्हा मी ओल्या मातीचा नुसता गोळा होतो. उत्तर आलं, "दाबते गं, हातातलं काम आवरलं की दाबते. तू निघ आधी, उशीर होतोय." दार लागलं. मग बऱ्याच वेळानं दबक्या आवाजात काहीतरी कुजबुज झाली, आणि एक ऊबदार, घट्ट मूठ माझ्यात रुतली. तिच्या तर्जनीचं टोक सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं होतं. ती मूठ मी जन्माची पाठ केली.

मी एक जुना पीलर आहे. बटाट्याची, गाजराची, सफरचंदाची साल काढतो. काळसर लाकडाचा दांडा, बारीक कंबर, गळ्यात पितळी कडं. सध्या मावशीच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. मी मुळात तिचा नव्हेच. इथवर कसा आलो ते ऐका, पण जरा लांबूनच ऐका. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण आहे.

मला घडवणारी मुलगी एका कारखान्यात स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे नमुने करायची. मावशीनंच तिला लहानाचं मोठं केलेलं. दोघी एकाच घरात राहायच्या. एकदा गाजर सोलता सोलता मावशी थांबली, हात झटकला आणि पुन्हा सोलू लागली. मुलीनं ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं, की दुखऱ्या हातांसाठी एक पीलर करायचा. तोही देखणा! दवाखान्यातून आणल्यासारखा नाही, तर पाहुण्यांनी टेबलावरून उचलून "कुठून घेतला हो?" म्हणून विचारावं असा. तिची रीत अशी, की ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याची मूठ मातीत उमटवून घ्यायची आणि त्या खळग्यांवरून दांडा बेतायचा.

सुतारानं मला कोरलं, पॉलिश पेपरनं घासलं, तेल पाजलं. कारखान्यात मी या हातातून त्या हातात फिरलो. साहेब म्हणाले, "वा! ठेवून द्यावासा वाटत नाही." मी आतून फुलून गेलो होतो.

आणि मग मावशीनं मला हातात घेतलं.

मित्रांनो, मी दचकलोच. हा हात गार होता, हलका होता. बोटं माझ्या खळग्यांत बसेनात, आणि अंगठा तर रुसलेल्या पाहुण्यासारखा लांबच उभा! ही ती मूठ नव्हे. मला वाटलं, आपल्याला चुकीच्या घरी आणून टाकलं.

"छान आहे," मावशी म्हणाली, आणि तिनं मला खणात ठेवलं.

त्या खणात एक म्हातारी सुरी होती. तिच्या दांड्यावर चिंध्यांचे वेढे, वरून दोरी. अशी जाडजूड आणि गबाळी! तरी मावशी रोज तिलाच बाहेर काढायची. बटाटे तिनंच सोलायची, अर्धा बटाटा सालीबरोबर गेला तरी चालेल. हिनं मावशीवर काय जादू केलीय, असा मला संशय. काम करताना मावशी गुणगुणायची,

"चूल विझली तरी राखेत राहते ऊब,
ओठ मिटले बाई, मन बोलतं खूप."

हे ऐकून माझा संशय आणखी वाढायचा. काय बोलतं हिचं मन?

संशय मला एकट्यालाच होता असं नाही. मुलगी दारात उभी राहून मावशीच्या हातांकडे बघत राहायची. बघणं हेच तिचं काम. पण मावशी लगेच पाठ फिरवायची. "काय गं टक लावून बघतेस? मुठीत सोनं लपवलंय का मी?"

"तू माझा पीलर का वापरत नाहीस?"

"वापरते की. तू घरात नसलीस की वापरते."

खोटं! पण मी खणातून काय बोलणार?

एके दुपारी शेजारीण आली. ती कपडे शिवून द्यायची. मुलगी घरातच होती. मावशीनं घाईघाईनं मला शेजारणीच्या हाती दिलं. "घे, एवढी सफरचंदं सोल." शेजारणीची बोटं माझ्या खळग्यांत अलगद जाऊन बसली. तर्जनीचं ते खरखरीत टोक! मी ओळखलं. साल लांबच लांब, अखंड उतरली.

"अगंबाई!" शेजारीण हरखून म्हणाली. "हा तर माझ्याच हातासाठी..." आणि तिनं जीभ चावली.

मावशीला जोराचा खोकला आला. शेजारणीला एकदम घरचा गॅस चालू राहिल्याचं आठवलं. ती गेली. मुलगी एकदा दाराकडे, एकदा मावशीकडे बघत राहिली. तिचा चेहरा पडला होता. तिला वाटलं, आपली वस्तू मावशीला आवडलीच नाही, म्हणून ती देऊन टाकायला निघालीय.

मी मात्र नंतर उघड्या दारातून मावशीला जिन्यात शेजारणीशी बोलताना ऐकलं. "हिला कळलं ना, तर मला फुलदाणीसारखी खुर्चीत बसवून ठेवेल. स्वयंपाकघर हातचं गेलं तर मी करू काय दिवसभर?"

मित्रांनो, मला वापरून झालं की पुसून कोरडं ठेवत जा, एवढं तर मी मागेनच. पण आणखी एक मागणं आहे. कुणासाठी काही करायचं असेल, तर नुसतं दारात उभं राहून बघू नका. जवळ जा आणि त्याचा हात हातात घ्या. त्या घरात हे कुणाला सुचलं नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

एका सकाळी मुलगी पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघरात आली. "मावशी, आज साचा पक्का होणार. मग असेच भराभर पीलर निघतील. जाण्याआधी एकदाच धरून दाखव."

मावशीनं मला धरलं. मी निसटलो आणि टणकन फरशीवर पडलो. माझ्या कड्यावर तेव्हाचा पोचा अजून आहे.

"नाही आवडला तर तसं सांग," मुलगी मला उचलत म्हणाली. "माझा राग आलाय का तुला?"

"देखणा आहे गं." मावशी फडक्याला हात पुसत राहिली. "कुणाकुणाकडे जाणार हा?"

"ज्यांचे हात दुखतात त्यांच्याकडे. तुझ्यासारख्यांकडे. तुझ्याच मुठीवरून बेतलाय, म्हणून तर सगळे निर्धास्त आहेत."

मावशीनं गॅस बंद केला. खणातून ती गबाळी सुरी काढून टेबलावर ठेवली, आणि तिच्याशेजारी आपला हात उघडा करून ठेवला. अंगठा तसाच लांब, ताठ.

"मातीतली ती मूठ माझी नव्हती, पोरी," ती म्हणाली. "माझा अंगठा मिटतच नाही."