सशाच्या कानांची गाठ

सुट्ट्या आठ दिवसांवर आल्या आणि आईने खेळण्यांवर मोर्चा वळवला. मावशी दोन्ही पोरांना घेऊन राहायला येणार होती, आणि या घरात पाऊल टाकलं की ते कशावर तरी पडायचंच. ठोकळ्यावर, नाहीतर बाहुलीच्या बुटावर. अर्धी खोली शिलाई मशीनने आणि गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांनी अडवलेली, उरलेली अर्धी भिंगरीने. भिंगरी म्हणजे तिची सात वर्षांची लेक. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून हे नाव पडलं होतं.

वाचनालयाच्या खालच्या खोलीत दर वर्षी सुट्ट्यांआधी इस्पितळातल्या मुलांसाठी खेळणी गोळा करत. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका तिथे टेबल मांडून बसत आणि प्रत्येक खेळणं चालवून बघत. त्यांचा एकच हट्ट होता. खेळणं मुलाने स्वतः आणून द्यायचं, आणि ते कसं खेळायचं हे आपल्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून त्याला बांधायचं.

"हे बघ भिंगरे, नको असलेलं दिलं तर ते टाकणं झालं," आई मशीनवरून म्हणाली. "आपल्याला आवडतं ते दिलं, तरच ते देणं."

बोलायला काय जातं! हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की दुपारी पँट आखूड करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तिने ते ऐकवलं. पण घोडं पेंड खातं ते इथेच. लेकीने ते खरं मानलं.

संध्याकाळभर खपून भिंगरीने तीन खेळणी निवडली. मावशीने दिलेली, डोळे मिटणारी बाहुली. चावीची आगगाडी. आणि लाकडी ठोकळ्यांचा अख्खा डबा. मग जीभ बाहेर काढून चिठ्ठ्या लिहिल्या. बाहुलीची चिठ्ठी होती, 'हिला आडवं केलं की ही डोळे मिटते. पण लगेच झोपत नाही. पाठीवर थोपटा.' आगगाडीची, 'चावी अकरा वेळा फिरवा. बारावी फिरवू नका.' डब्याची, 'सगळे आहेत. मी मोजले.' आईच्या डब्यातला लाल दोरा घेऊन तिने प्रत्येक चिठ्ठी बांधली, बुटाच्या नाडीची बांधतात तशी, सशाचे दोन कान काढून. ती गाठ तिला याच महिन्यात जमायला लागली होती. दुसरी येत नव्हती.

"शहाणी गं माझी बाय," आई म्हणाली खरी, पण मनात तिचा हिशेब सुरू झाला. मावशी दारात चप्पल काढायच्या आत बाहुलीची चौकशी करणार. आगगाडी अजून नवीकोरी. पोरगी आपली फाटकंतुटकं काढेल असंच तिने गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेत गेल्यावर तिने खेळण्यांची भरलेली पिशवी सोडली. तिन्ही खेळणी कपाटावर, अस्तराच्या कापडामागे ढकलली. त्यांच्या जागी जुनी बाहुली, एक चाक गेलेली जुनी आगगाडी आणि निम्मेच ठोकळे उरलेला जुना डबा भरला. पोरांना काय, खेळणं म्हणजे खेळणं, असं स्वतःला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, यातच सगळं आलं. चिठ्ठ्या कात्रीने सोडवून तिने या खेळण्यांना बांधल्या. हात सराईत. बटण लावून झाल्यावर मारते तशी बारीक, चपटी गाठ बसली आणि दोरा दातांनी तुटला. पिशवीचं तोंड पुन्हा आवळलं. चारला लेक आली, तशा दोघी वाचनालयाकडे निघाल्या. घाईत आईच्या गळ्यात मापाची टेप तशीच राहिली.

काकांनी बाहुली बाहेर काढली, चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि सांगितलं होतं तसं तिला टेबलावर आडवं केलं. बाहुलीचा एक डोळा जागेवर नव्हता. दुसरा टक्क उघडा राहिला. काकांनी तिच्या पाठीवर थोपटलं. तरी उघडाच. मग त्यांनी आगगाडीची चावी मोजून अकरा वेळा फिरवली. गाडी वीतभर गेली आणि कलंडली. ठोकळ्यांचा डबा त्यांनी नुसता हलवला, आणि चष्म्यावरून भिंगरीकडे बघितलं.

भिंगरीचं लक्ष खेळण्यांकडे नव्हतंच. तिने एक चिठ्ठी उचलली, दोऱ्याची चपटी गाठ बोटांत फिरवली आणि मान वर करून आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली.

"काका, मीच बदलली," भिंगरी म्हणाली. "चांगली द्यायला माझ्या जिवावर आलं."

रांगेत मागे कोणीतरी हसलं. बोलायचं तर आत्ताच, हे आईला कळत होतं. तिने तोंड उघडलंही. आणि बाहेर काय पडलं?

"मी सांगितलं होतं हो काका हिला, चांगलं द्यायचं म्हणून."

"असू दे. लहान आहे," काका म्हणाले आणि चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या.

परत जाताना भिंगरी सरळ रेषेत चालत होती. ना उडी, ना गिरकी. कोपऱ्यावर तिने आपला हात आईच्या हातात सरकवला.

"आई, घाबरू नको. त्यांना काही कळलं नाही."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने आकांडतांडव केलं असतं, खोटारडी म्हटलं असतं, तर ते परवडलं असतं. घरी पोचताच तिने स्टूल ओढलं, कपाटावरची तिन्ही खेळणी खाली काढली आणि लेकीचा हात धरून ती आल्या पावली परत फिरली.

काका आवराआवर करत होते. तीन-चार आया अजून रेंगाळत होत्या. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काका, मघाशी ही खोटं बोलली, ते माझ्यासाठी. खेळणी मी बदलली. आणि वर तिच्यावरच ढकललं."

"माझ्या कोटाची बटणं तुम्हीच लावता, बाई," काका म्हणाले. "तुमची गाठ मी ओळखतो."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीने एवढं झाकलं होतं. मी कोण उघडं करणार?"

आईचे कान तापले. तिला वाटलं, आता तरी लेक आपल्याकडे बघेल. पण भिंगरी खाली बघत होती, आणि तिचेही कान लाल झाले होते. आईची लाज तिलाच वाटत होती.

काकांनी तिन्ही चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. आईने सवयीने बाहुली जवळ ओढली आणि दोरा उचलला.

"तू नको बांधू," भिंगरी म्हणाली.

आईने हात मागे घेतला. भिंगरीने सशाचा एक कान काढला, दुसरा काढेपर्यंत पहिला निसटला. पुन्हा काढला, पुन्हा निसटला. तिसऱ्या खेपेला ती वर न बघताच म्हणाली, "इथे बोट ठेव."

आईने बोट ठेवलं, आणि लेक सांगेपर्यंत हलवलं नाही.